पेड न्यूज: कात्रण जपा, तक्रार वेळेत करा

निवडणूक आली की एकाच पानावर दोन बातम्या दिसतात. एकीत 'अमुक यांच्या पदयात्रेला उदंड प्रतिसाद', तर दुसरीत 'तमुक यांचा विजय निश्चित'. दोघेही एकाच मतदारसंघातले. एकाही बातमीत प्रश्न नाही, विरोधकाचं म्हणणं नाही, 'जाहिरात' हा शब्दही नाही. तोच मजकूर शब्दशः दुसऱ्या दैनिकात वेगळ्या वार्ताहराच्या नावाखाली सापडला, तर तो विकत घेतलेला असण्याची शक्यता दाट असते. पैसे देऊन बातमी म्हणून छापून आणलेला असा मजकूर म्हणजेच पेड न्यूज.

2009 च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत हा प्रकार देशभर गाजला. पत्रकार पी. साईनाथ यांनी अशी हुबेहूब जुळणारी पानं शेजारीशेजारी ठेवून दाखवली. वृत्तपत्रांवर लक्ष ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांच्या उपसमितीने वृत्तपत्रांच्या नावानिशी सविस्तर अहवाल तयार केला. पण कौन्सिलने 2010 मध्ये नावं वगळून त्याची छोटी आवृत्ती काढली. पूर्ण अहवाल बाहेर यायला माहिती आयोगाचा आदेश लागला. वृत्तपत्रांच्या चुकीबद्दल त्यांच्यावर लक्ष ठेवणारी संस्थाच गप्प बसली, याचा मला आजही राग येतो.

आता प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समिती असते. संशयास्पद बातमी तिच्यापुढे गेली की निवडणूक निर्णय अधिकारी 96 तासांच्या आत उमेदवाराला नोटीस देतो आणि उमेदवाराला 48 तासांत उत्तर द्यावं लागतं. बातमी पेड ठरली तर तिने व्यापलेली जागा मोजून सरकारी जाहिरात दराने रक्कम उमेदवाराच्या निवडणूक खर्चात धरतात. म्हणजे 20 बाय 25 सेंटीमीटरच्या बातमीचे 500 चौरस सेंटीमीटर होतात. पैसे दिल्याची पावती सापडायलाच हवी असं नाही.

अडचण इथेच आहे. विधानसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा महाराष्ट्रात 40 लाख. सरकारी दर बाजारभावापेक्षा बराच कमी असल्यामुळे हिशेबात भर पडते ती किरकोळ. शिवाय मोजणी उमेदवारी अर्ज भरल्यापासूनची, आधीचे दोन महिने मोकळे. पैसे घेणाऱ्या वृत्तपत्राला दंड नाही, प्रेस कौन्सिल फार तर ताशेरे ओढते. पेड न्यूज हा निवडणूक गुन्हा ठरवावा, अशी शिफारस विधी आयोगाने 2015 च्या 255व्या अहवालात केली. ती अमलात यायलाच हवी.

खालच्या पातळीवरचं कारणही बघा. तालुक्याच्या वार्ताहराला मानधन तुटपुंजं आणि जाहिरातींवर कमिशन. ज्याच्याकडून जाहिरात आणायची, त्यालाच अडचणीचा प्रश्न तो कसा विचारणार? दोष त्या वार्ताहराचा नाही, त्याला वसुलीला लावणाऱ्या मालकांचा आहे.

म्हणून वाचकांनी पूर्ण पान ठेवावं, नुसतं कात्रण नाही. दैनिकाचं नाव, आवृत्ती, तारीख आणि पान क्रमांक दिसला पाहिजे. दोन दैनिकांतला सारखा मजकूर अधोरेखित करून जिल्हा समितीकडे लेखी द्या आणि पोच घ्या. प्रचार चालू असतानाच द्या, मतदानानंतर कुणाला घाई नसते.

निकालानंतर 30 दिवसांत उमेदवाराला खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. तो पाहण्याचा अधिकार कोणालाही आहे, नियमातलं शुल्क 1 रुपया. तुमच्याकडची पानं घेऊन जा आणि त्या तारखांसमोर काय लिहिलंय ते ताडून बघा.