रश्शाला नॉनस्टिक पातेलं कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

आठ लिटरच्या नॉनस्टिक पातेल्यावरचा माझा लेख वाचून तुमच्या मुलीनं तसंच पातेलं आणलं आणि तिच्या इंडक्शनवर ते तापलंच नाही. तुम्ही रागावून लिहिलंत, आणि राग रास्त आहे. त्यापुढे तुम्ही चार गोष्टी म्हटल्यात: हे भांडं विषारी असतं, पातळ रश्शाला नि आमटीला नॉनस्टिकची गरजच काय, मसाला बुडाला जरा धरल्याशिवाय चव उतरत नाही, आणि दोन-तीन वर्षांत टाकायच्या भांड्यापेक्षा तुमच्या आजेसासूबाईंचं पितळी पातेलं लाखपट बरं. यातलं निम्मं मला पटलं, निम्मं नाही.

आधी इंडक्शनचं, कारण तिथं चूक माझी आहे. माझ्याकडे गॅस. लिहिताना इंडक्शन डोक्यातच आलं नाही. नॉनस्टिक पातेली बहुतेक ॲल्युमिनियमची असतात आणि ॲल्युमिनियमवर घरातली इंडक्शन शेगडी चालत नाही. तिला चुंबक धरणारा धातू लागतो. म्हणून इंडक्शनच्या पातेल्याला बुडाशी तशा स्टीलची चकती बसवलेली असते. दुकानात जाताना फ्रिजवरचा चुंबक खिशात टाकून न्यायचा आणि बुडाला लावून बघायचा. नुसता चिकटला एवढ्यावर थांबू नका, चकती केवढी आहे तेही बघा. मोठ्या पातेल्याला वाटीएवढी चकती असेल तर मधोमध करपतं आणि कडेला कोमट राहतं. मुलीची फसगत झाली त्याबद्दल मनापासून माफी मागते.

आता विषाचं. तुमची भीती हवेतून आलेली नाही. नॉनस्टिकचा थर बहुतेक टेफ्लॉनचा असतो. टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई, 1938 मध्ये अमेरिकेत रॉय प्लंकेट यांना अपघातानंच सापडलेला पदार्थ. तो बनवताना पुढे पीएफओए नावाचं एक रसायन वापरलं जायचं, आणि घातक होतं ते हे. वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गजवळच्या कारखान्यातून ते आसपासच्या लोकांच्या पिण्याच्या पाण्यात उतरलं, माणसं आजारी पडली, खटले चालले, आणि 2017 मध्ये कंपन्यांना सुमारे 67 कोटी डॉलर मोजावे लागले. 2019 मध्ये पीएफओए घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या बंदीच्या यादीत गेलं. 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत टाकलं. हे सगळं खरं आहे, आणि मी ते लेखात लिहायला हवं होतं.

पण पीएफओए वेगळं आणि पातेल्यावरचा थर वेगळा. तो थर पोटात गेला तरी शरीर त्याला पचवत नाही, आला तसा बाहेर जातो. धोका आहे तो रिकामं भांडं तापवण्यात. साधारण 260 अंश सेल्सिअसच्या वर तो थर बिघडायला लागतो, 350 च्या पुढे भराभर तुटतो, आणि तो धूर माणसाला तापासारखं दुखणं देतो. पिंजऱ्यातला पोपट तर त्या धुरानं दगावू शकतो. आता रश्शाचं बघा. पातेल्यात पाणी आहे तोवर आतलं तापमान 100 अंशांच्या आसपासच घुटमळतं. म्हणजे तव्याला आणि कढईला जी भीती लागू आहे, ती उकळत्या आमटीच्या पातेल्याला लागू नाही. माझ्या हातून एकदा रिकामं पातेलं मोठ्या गॅसवर राहिलं होतं, फोन आला म्हणून. परत आले तर बूड तपकिरी पडलेलं आणि घरभर उग्र वास. खिडक्या उघडल्या आणि ते पातेलं त्याच दिवशी टाकलं. तेव्हापासून आधी तेल किंवा पाणी, मग गॅस, असा नेम आहे. फोडणीत शेंगदाण्याचं रिफाइंड तेल साधारण 230 अंशांजवळ धुरायला लागतं. तेल धुरलं म्हणजे आपण मर्यादेच्या दाराशी आलो, हे लक्षात ठेवलं की पुरे.

एक गोष्ट मात्र दुकानदार सांगत नाहीत. डब्यावर ‘पीएफओए-मुक्त’ लिहिलं म्हणजे टेफ्लॉन नाही, असं नव्हे. टेफ्लॉनसुद्धा पीएफओएच्याच कुळातलं, पीएफएएस नावाच्या रसायनांच्या मोठ्या कुळातलं. मिनेसोटा राज्यानं 1 जानेवारी 2025 पासून त्या कुळातली रसायनं घातलेल्या भांड्यांची विक्रीच थांबवली. कारखान्याभोवतीच्या पाण्याचा विचार करून कुणी नॉनस्टिक घरात आणायचंच नाही असं ठरवलं, तर मी त्या माणसाशी वाद घालणार नाही. सिरॅमिकचा थर या कुळातला नसतो, पण त्याचा निसरडेपणा लवकर जातो.

तुमचा दुसरा मुद्दा मला सगळ्यात आवडला. रश्शाला नॉनस्टिक कशाला? खरंच, नुसत्या अळणीला, म्हणजे मटण शिजवून काढलेल्या पातळ पाण्याला, नको. मटण, हळद, मीठ, आलं-लसूण आणि भरपूर पाणी. यात बुडाला लागण्यासारखं काही नाही. जाड बुडाचं स्टीलचं पातेलं तिथं उत्तम, आणि वेळ नसेल तर कुकर. पण त्याच अळणीचा पांढरा रस्सा करायला घ्या. नारळाचं दूध, काजू, तीळ, खसखस यांचं वाटण पडलं की ते जड होऊन तळाशी बसतं. मोठी उकळी द्यावी तर दूध फाटतं, मंद ठेवावं तर वाटण बुडाला धरतं. आणि एकदा धरलं की करपट वास आख्ख्या पातेल्यात पसरतो, तो कशानं जात नाही. पाच-सहा लिटर रस्सा ओतून द्यायची वेळ ज्या बाईवर आली असेल, तिला मी काय म्हणते ते कळेल.

आणि पुरण! किलोभर हरभरा डाळ शिजवून, कट काढून, गूळ घालून आटवायला घेतलं की पाऊणएक तास पातेल्यापासून हलता येत नाही. स्टीलमध्ये शेवटची दहा मिनिटं जीव मुठीत धरून ढवळावं लागतं. नॉनस्टिकमध्ये लाकडी उलथन्याच्या एका फेरीसरशी बूड मोकळं होतं, आणि पुरण झालं की गोळा होऊन बाजू सोडतं, तेव्हा समजायचं झालं. शिवाय भिंती उंच असल्यानं हातावर उडणारे चटके कमी. बासुंदी, खीर, सत्यनारायणाच्या दिवशीचा सव्वा किलो रव्याचा शिरा, हेही त्यातच. म्हणजे माझ्या लेखात ‘एक पातेलं सगळ्याला’ असं जे वाक्य होतं ते चूक होतं. हे पातेलं खाली बसणाऱ्या, आटणाऱ्या, घट्ट होत जाणाऱ्या पदार्थांचं आहे.

मसाला बुडाला धरण्याबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. कांदा-खोबरं लोखंडी तव्यावर जसं खरपूस होतं, तसं नॉनस्टिकवर होत नाही, आणि तिथं तेवढी आच द्यायलाही नको. मी वाटण तव्यावर भाजते आणि मगच पातेल्यात उतरवते. एक भांडं जास्त पडतं, पडू दे.

पितळेचं मात्र पूर्ण ऐकून घ्या. पितळी पातेल्यात आपण जेवण पितळेवर नाही, कल्हईवर शिजवतो. कल्हई म्हणजे कथील, आणि ते 232 अंशांना वितळतं, टेफ्लॉनचा थर बिघडायला लागतो त्याच्याही आधी. म्हणून जुन्या बायका कल्हईचं भांडं कोरडं चुलीवर ठेवू देत नसत. कल्हई उडाली आणि त्यात चिंचेची आमटी राहिली की ती कळकायची. म्हणजे थर झिजणं, थर जपणं हे आजेसासूबाईंनाही चुकलं नव्हतं. फरक इतकाच, आणि तो फार मोठा आहे, की कल्हईवाला भाता, नवसागर आणि कापसाचा बोळा घेऊन दारात बसला की तासाभरात पातेलं पुन्हा नवं. नॉनस्टिकचा थर घरी पुन्हा चढत नाही. ओरखडे उठले, पोपडे निघाले की ते गेलं. या एका बाबतीत तुमचं पातेलं जिंकलं, हे मान्य.

म्हणूनच हा थर जपायचा. आपल्या घरात तो चमच्यानं जातो त्याहून जास्त सांडशीनं जातो. काठावर पकड लावली की तिथला थर टवकतो आणि मग तिथूनच सुटत जातो. त्यामुळे बिनकानांचं मोठं नॉनस्टिक घेऊच नये. दोन भक्कम कान हवेत, रिवेट मारलेले. स्क्रूचे कान ढिले होतात. हिशेब करा: सहा लिटर रस्सा म्हणजे सहा किलोच्या वर, पातेल्याचे दोन किलो, एकूण आठ-नऊ किलो उकळतं ओझं. कट गाळायला मी पातेलं उचलत नाही, डावानंच काढून घेते. ज्वाळा बुडाच्या बाहेर येऊ द्यायची नाही, नाहीतर भिंती नि कान भाजतात. गरम पातेल्यावर गार पाण्याची धार सोडायची नाही, बूड वाकडं होतं. तारेची घासणी नको, आणि भांडी घासायला येणाऱ्या मावशींना हे आपण प्रेमानं सांगून ठेवायचं. राखेनं, काथ्यानं घासायची त्यांची सवय जुनी असते.

मापाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण बदलून आणायचं असेल तर कामाला येईल. आठ जणांचं मटण दीड किलो, त्यात साडेतीन लिटर पाणी, म्हणजे पाच लिटर झालं. उतू जाऊ नये म्हणून पातेल्याचा चौथा हिस्सा मोकळा ठेवायचा, म्हणून सात लिटर लागतं. आठ घेतलं की सणाचंही भागतं. आता दोन पातेली बघा. एक 24 सेंटिमीटर रुंद आणि 18 उंच, दुसरं 28 रुंद आणि 13 उंच. दोन्ही आठ लिटरचीच. पण दुसऱ्याचं तोंड तिसऱ्या हिश्शानं जास्त उघडं, त्यात पुरण नि बासुंदी लवकर आटतात आणि हात तळापर्यंत नीट पोचतो. मी आज घेतलं तर रुंद घेईन. फक्त शेजारचा बर्नर झाकला जातो का, आणि सिंकमध्ये ते मावतं का, हे घरीच टेपनं मोजून जायचं.

आणखी एक, आणि हे पितळ, स्टील, नॉनस्टिक सगळ्यांना लागू. मोठ्या पातेल्यात उरलेलं तसंच झाकून रात्रभर ओट्यावर ठेवू नका. पाच लिटर रस्सा आतून तासन्‌तास कोमट राहतो, आणि 60 ते 5 अंशांच्या मधल्या त्या कोमटपणात जंतू वाढतात. त्यातले काही असे विष सोडतात की सकाळी परत उकळलं तरी ते जात नाही. दोन तासांच्या आत उथळ डब्यांत ओतून, पाण्याच्या परातीत निववून फ्रिजमध्ये टाकायचं. मुलीलाही सांगा.

चुंबकाची ओळ मी आज लेखात अगदी वर घातली आहे आणि ‘एक पातेलं सगळ्याला’ हे वाक्य काढलंय. तिचं पातेलं बदलून मिळत नसेल तर ते तुमच्याकडे गॅसवर येऊ द्या, पाडव्याच्या पुरणाला वापरून बघा आणि कसं वाटलं ते लिहा. आणि तुमच्याकडे अजून कल्हईवाला येत असेल तर कुठं भेटतो ते मला कळवा. माझ्या आजीचं पातेलं माळ्यावर आहे, मला ते खाली काढायचंय.