विमानाला गुणच नाही

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रक्ताच्या गुठळ्यांचा विषय निघाला की दोन मिनिटांत गाडी कोव्हिशील्डवर येते. त्या लशीमुळे फार क्वचित गुठळ्या होऊ शकतात, हे ती विकसित करणाऱ्या ॲस्ट्राझेनेका कंपनीने ब्रिटनच्या कोर्टात मान्य केल्याची बातमी २०२४मध्ये आली, तेव्हापासून तर कुणाचाही हार्ट अटॅक लशीच्या खात्यावर जमा होतो. लशीने गुठळ्या होण्याचा प्रकार खरा आहे. पण त्यात प्लेटलेट्स घसरतात आणि लस घेतल्यावर काही आठवड्यांतच तो होतो. तीन वर्षांनी नाही.

मी परदेशात राहतो. मागे लांबच्या विमान प्रवासानंतर माझी डावी पोटरी दुखायला लागली, गुठळीची शंका आली. इथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी टेप काढली. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून १० सेंटिमीटर खाली पेनने खूण केली, दोन्ही पोटऱ्या मोजल्या. ३ सेंटिमीटर फरक भरला तर एक गुण. मग प्रश्न: कॅन्सर? १२ आठवड्यांत मोठं ऑपरेशन? तीन दिवस अंथरुणावर पडून? आधी कधी गुठळी? दुखण्याचं दुसरं कारण तितकंच संभवत असेल तर दोन गुण वजा. पायात गुठळी असण्याची शक्यता जोखणाऱ्या या गुणांना वेल्स स्कोअर म्हणतात. मी आपला विमान विमान करत होतो, त्याला यात गुणच नाही!

स्कोअर कमी आला म्हणून डी-डायमर ही रक्ततपासणी केली, निगेटिव्ह आली, घरी आलो. कमी धोक्याच्या माणसात ही तपासणी गुठळी नाही एवढं सांगायला उत्तम. वाढलेली मात्र जंतुसंसर्गात, गरोदरपणात, नुसत्या वयानेही दिसते. बाबांनी ती कुठल्याशा पॅकेजमध्ये, काही होत नसताना करून घेतली. वय ७१, आकडा ६४०, ठळक अक्षरांत. घरात दोन रात्री झोप नाही. पन्नाशीनंतर नॅनोग्रॅमच्या हिशेबात वयाला १०ने गुणून मर्यादा काढतात, म्हणजे त्यांची ७१०; हे कुणी सांगितलंच नाही.

इथलंही सगळं गोड नाही. सहकाऱ्याचा स्कोअर जास्त होता, तरी डॉपलर, म्हणजे पायाच्या शिरांची सोनोग्राफी, दुसऱ्या दिवशी; रात्र रक्त पातळ करायच्या इंजेक्शनवर काढली. तिकडे भारतात ती त्याच संध्याकाळी झाली असती.

पुढच्या महिन्यात आईचा गुडघा बदलायचाय. गुठळीचा खरा धोका तिथे आहे, आणि घरी आल्यावरही काही आठवडे राहतो. ग्रुपवर विचारलं, रक्त पातळ करायच्या गोळ्या किती दिवस घ्यायच्या आहेत? लशीचे तीन फॉरवर्ड आले. रात्री भावाने लिहिलं, "विचारून सांगतो."