कोमट झाल्यावर बोला

आज एकाच दिवसात दोन माणसांनी माझं डोकं फिरवलं. दोघांचं दुखणं एकच आहे हे आत्ता गच्चीवर बसून टाईप करताना लक्षात येतंय, म्हणून लिहितो. पोस्ट लांब होणार आहे. घाई असेल त्यांनी लाईक करून पुढे जावं, मी वाईट वाटून घेणार नाही.

पहिला माणूस आमच्या शाळेच्या ग्रुपवरचा. नाव घेत नाही, तो हे वाचणारच आहे. जपानी लेखक केगो हिगाशिनोची रहस्यकादंबरी 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' वाचायला घेतली असं मी ग्रुपवर कौतुकानं टाकलं होतं. आज भर दुपारी, बाहेर पारा ४३ ला टेकलेला, आणि ह्या गृहस्थानं शेवट टाकला. अख्खा. वर म्हणतो, "घे, तुझे दोन दिवस वाचवले."

माझे दोन दिवस वाचवून मी काय करू, बाबा? जानेवारीतल्या गड्डा जत्रेला जाऊ? मे महिन्यात?

दुसरा बिअर शॉपीतला पोरगा. संध्याकाळी ऊन जरा कलल्यावर गेलो, हूगार्डन, ती बेल्जियन बिअर, आहे का विचारलं. त्यानं फ्रिजच्या तळातनं एक शोधून काढली, पुसली आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की जणू मी लहान मुलाचं टॉनिक मागितलंय. "काका, ह्यात पाच टक्के पण नाहीत. त्यापेक्षा स्ट्राँगची मोठी बाटली घ्या की. ही पिऊन काय होतंय?"

काय होतंय! म्हणजे चढते का, एवढंच. आणि ग्रुपवाल्याच्या लेखी कादंबरी म्हणजे शेवटचा धक्का, एवढंच. बिअर घेतली तर टक्के विचारायचे, पुस्तक घेतलं तर 'ट्विस्ट आहे का' विचारायचं. मधलं काय मग? भरताड? आपल्याला झालंय काय?

मी बिअरची परीक्षा कशी घेतो सांगतो. ग्लासात शेवटची दोन बोटं बिअर उरते ना, ती कोमट झाल्यावर प्यायची. थंडगार असताना जीभ बधिर असते, तेव्हा काहीही खपतं. म्हणून तर जाहिरातीतल्या बाटल्यांवर बर्फाचा चुरा असतो. आणि सोलापुरात ही परीक्षा घ्यायला वेगळं काही करावं लागत नाही, मे महिन्यात इथे गच्चीवर ग्लास ठेवला की परीक्षा आपोआप सुरू. कादंबरीचंही तेच. खुनी कोण ते कळलं की पुस्तक कोमट झालं. आता वाचावंसं वाटतं का बघा.

हे शहाणपण माझं नाही, मामाचं आहे.

मामा मिलमध्ये साचेखात्यात होता. पगार झाला की त्या रविवारी एक बाटली आणि गल्लीतल्या भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या लायब्ररीतनं एक रहस्यकथा. बाबुराव अर्नाळकरांचा तो भक्त. हजाराच्या वर पुस्तकं लिहिली त्या माणसानं, म्हणजे मामाला आयुष्यभर पुरून उरला. झुंजार आणि काळापहाड हे जणू मामाचे रातपाळीचे सोबती. तर एकदा त्यानं आणलेल्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर कुणीतरी पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं: खुनी डॉक्टर आहे. मी तेव्हा शाळेत. मला रडूच आलं. म्हटलं, मामा, परत करून दुसरं आणू. मामानं पान उलटलं आणि म्हणाला, "कळला तर कळला की बे. आता सापडतो कसा ते बघायचं."

आज दुपारी शिव्या घालून झाल्यावर मी तेच केलं, हिगाशिनो पुढे वाचत गेलो. गंमत बघा. ही कादंबरी २००५ ची, तिला जपानमधला नाओकी पुरस्कार मिळालेला, २०२३ मध्ये करीनाचा 'जाने जान' आला तो हिच्यावरच. आणि हिच्यात खून कुणी केला हे सुरुवातीलाच सांगून टाकलंय! डबे विकणाऱ्या दुकानात काम करणारी बाई, तिचा पैशासाठी छळणारा आधीचा नवरा, आणि शेजारी राहणारा गणिताचा मास्तर. खून आपल्या डोळ्यांदेखत होतो. पुढची सगळी पानं मास्तर तो कसा झाकतो आणि त्याचा जुना कॉलेजमित्र, फिजिक्सवाला, तो कसा उकरतो ह्याची. मामा असता तर उभ्यानं वाचली असती.

मान्य, शेवटी धक्का आहे आणि जबरी आहे. पण शेवट ठाऊक झाल्यावर मी पहिलं प्रकरण परत उघडलं, तो मास्तर सकाळी नदीकाठानं कामावर चालत जातो ते. अरे, सगळं समोर मांडून ठेवलंय! लेखकानं काहीही लपवलेलं नाही, आपणच घाईनं पुढे गेलो. शेवट कळलेला असताना त्या पानांवर काटा येतो अंगावर.

उलट परवा एक नवीन मराठी थ्रिलर वाचली. कुणाची ते सांगत नाही, लेखक तरुण आहे, हात लिहिता राहू दे. मागच्या बाजूला लिहिलेलं, शेवटच्या पानापर्यंत अंदाज येणार नाही. कसा येणार? खुनी जो मामेभाऊ, त्याचा पुस्तक संपत आल्यावर पहिल्यांदा उल्लेख. तोवर इन्स्पेक्टर खिडकीत उभं राहून ब्लॅक कॉफी पितोय. सोलापूर-पुणे प्रवासात संपवली आणि दौंड येईपर्यंत विसरलोही. हे म्हणजे त्या स्ट्राँगसारखंच झालं, डोकं जड, तोंडात काही नाही.

बरं, स्ट्राँगबद्दल थोडं. त्यातही साखर नाहीतर तांदूळ घालून टक्के वर नेता येतात, पण साखरेचं सगळं दारूत जातं, बिअरच्या अंगात काही राहत नाही. मग बर्फगार प्यायची, म्हणजे काही कळायला नको. आणि त्या शॉपीवाल्यानं दारात, पायरीवर, उन्हात क्रेट रचलेले. हिरव्या बाटल्या. उजेडानं बिअरमधल्या हॉप्सचं, म्हणजे तिला कडवटपणा देणाऱ्या फुलांचं, रसायन बिघडतं आणि कुबट वास सुटतो, तपकिरी काच तो उजेड बऱ्यापैकी अडवते, हिरवी अडवत नाही. मी सांगितलं त्या पोराला. तो म्हणाला, "थंड केली की कळत नाही काका." घ्या! माझाच मुद्दा.

हूगार्डनकडे येतो. गव्हाची बिअर, गढूळ दिसते, बाटली जरा गोल हलवून तळातला गाळही ग्लासात घ्यायचा. त्यात काय असतं माहितीये? धने आणि संत्र्याची साल. आपल्या मिसळणाच्या डब्यातले धने. बेल्जियममधल्या हूगार्डन नावाच्याच गावात ह्या प्रकारच्या बिअरची शेवटची भट्टी बंद पडली होती, आणि १९६० च्या दशकात पिएर सेलिस नावाच्या दूधवाल्यानं ती बिअर परत काढायला सुरुवात केली. दूधवाल्यानं! मला ही गोष्ट फार आवडते. आत्ता शेजारी ठेवली आहे, निम्मी झाली, कोमट झाली, आणि आत्ता कुठे धने लागायला लागलेत. तक्रार नाही. जरा पातळ आहे म्हणाल तर हो, आहे.

पुण्याला भाच्याकडे गेलो होतो तेव्हा एका ठिकाणी स्टाऊट प्यालो. काळी, भाजलेल्या माल्टची, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीची. भाचा म्हणाला, मामा, गार नाहीये, बदलून द्यायला सांगू का? म्हटलं, राहू दे. ती जितकी निवांत होत गेली तितकी कॉफीच्या वासाला लागली, शेवटचा घोट सगळ्यात चांगला. त्याच टेबलावर आंबा घातलेली एक होती, नाव नको. कोमट झाल्यावर खोकल्याच्या औषधासारखी लागली. भाच्याला आवडली. असू दे. पुण्याला अशा ताज्या बिअरच्या जागा २००९ पासून आहेत, आणि आपल्याकडे मंगळवेढ्याची भौगोलिक मानांकन मिळालेली ज्वारी असून आपण तिच्या कडक भाकरीपलीकडे जात नाही. नायजेरियात बार्लीच्या माल्टची आयात बंद झाली तेव्हा कंपन्या ज्वारीवर बिअर काढायला लागल्या, मोठमोठ्या कंपन्या. हा विषय वेगळा आहे, परत कधी.

तर मामाची ती बाटली. घरात फ्रिज नव्हता. ओल्या गोणपाटात गुंडाळून मोरीजवळ ठेवायचा, फार तर माठाइतकी गार. स्टीलच्या पेल्यात ओतायचा, समोर भाजलेल्या शेंगा, मांडीवर अर्नाळकर. सगळी दुपार पुरवायचा. ती स्ट्राँग होती का माईल्ड, मला माहीत नाही, बहुतेक त्यालाही पर्वा नव्हती. एवढं आठवतं की मध्येच तो मोठ्यानं हसला आणि मला बोलावून पान दाखवलं. 'खुनी डॉक्टर आहे' ह्याच्या खाली दुसऱ्या कुणीतरी, वेगळ्या अक्षरात लिहिलं होतं: खोटं आहे, पुतण्या.

हां, आता ग्रुपवाले म्हणतील की मग मामाला उत्सुकता होतीच ना. होती. नाही कुठे म्हणतोय मी?

पण मला जे बोचतंय ते पुढचं आहे. दुपारी मी भडकल्यावर हा मित्र काय म्हणाला? "तूच म्हणतोस ना, चांगल्या पुस्तकाचा शेवट कळून काही बिघडत नाही. मग चिडतोस कशाला?" ग्रुपवर सगळे हसले. मला लगेच उत्तर सुचलं नाही. आता देतो. मामानं पुस्तक परत करायच्या आधी माझ्या कंपासातला खोडरबर मागून घेतला आणि दोन्ही ओळी पुसल्या. कागद जुना, पिवळा, जोरात घासलं तर फाटायचा, म्हणून हळूहळू, फुंकर मारत. ज्याला स्वतःला काही फरक पडत नव्हता त्यानं. पुढच्या माणसाला मिळायला हवं म्हणून. शेवट कळल्यावरही मी वाचतो ही माझी आवड. तू मला तो सांगावास हा तुझा अधिकार कुठून आला? नारायण धारपांची भयकादंबरी 'लुचाई' मी कितव्यांदा वाचतोय कोण जाणे, ती स्टीफन किंगवरून घेतलेली आहे हेही मला माहीत आहे, कमेंटमध्ये शिकवू नका, आणि अजूनही रात्री वाचली तर जिन्यातला दिवा चालू ठेवतो. तरी ज्यानं वाचली नाही त्याला पुढे काय होतं ते मी मेलो तरी सांगणार नाही.

शॉपीवाल्या पोरावरचा राग मात्र टाईप करता करता उतरला. दिवसभर तिथं उभं राहून त्यालाही गिऱ्हाईक हेच विचारतं ना, कितीवाली आहे. तो बिचारा बाजारभाव सांगतोय. दिवसभर उन्हात राबून आलेल्या माणसाला शंभर-दोनशे रुपयांत झोप हवी असते, धने नको असतात. बरोबर आहे त्याचं. माझी एसीतली नोकरी आहे म्हणून मला धने लागतात. पायरीवरचे क्रेट तेवढे आत घे म्हणावं.

शनिवारी संध्याकाळी गच्चीवर आहे. ज्याला यायचंय त्यानं आपापली बाटली आणि एक पुस्तक घेऊन यावं. स्ट्राँग आणली तरी चालेल, मी काही बोलणार नाही, फार तर बघेन. शेंगाचटणी आणि कडक भाकरी माझ्याकडून. पहिल्याच पानावर खुनी सांगून टाकणारी मराठी कादंबरी कुणाला माहीत असेल तर नाव कमेंटमध्ये टाका, नुसतं नाव. शेवट लिहिलात तर कमेंट उडवीन, ग्रुपवाल्याची तर वाचायच्या आधीच.