‘आम’ की ‘इम’?

भाषांतराचा विषय निघाला की आपल्याकडे एकच कसोटी पुढे येते: वाचताना भाषांतर वाटता कामा नये. सोप्या मराठीतलं बायबल हवं म्हणणाऱ्यांचाही आग्रह तोच. इकडे जर्मनीत दोन-चार जर्मन बायबलं शेजारी ठेवून वाचली की ही कसोटी अपुरी पडते.

योहानाचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलातलं येशूच्या जीवनाचं एक पुस्तक, ‘एन आर्खे’ (आरंभी) या ग्रीक शब्दांनी सुरू होतं. सेप्टुअजिंटमध्ये, म्हणजे हिब्रू बायबलच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात, ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाचा आरंभही याच शब्दांनी होतो. ऐकणाऱ्याला सृष्टीची कथा आठवलीच पाहिजे. सोळाव्या शतकात बायबल जर्मनमध्ये आणणाऱ्या ल्यूथरने मात्र उत्पत्तीत ‘आम आनफांग’ लिहिलं आणि योहानात ‘इम आनफांग’; अर्थ दोन्हींचा ‘आरंभी’च. दोन्ही अस्सल जर्मन, त्यामुळे सहजतेच्या कसोटीला ही चूक सापडतच नाही. ल्यूथर बायबलाच्या 2017 च्या आवृत्तीतही ती कायम आहे. एल्बरफेल्ड बायबल या दुसऱ्या जर्मन भाषांतरात दोन्हीकडे ‘इम’ आहे. आपलं मराठी बायबलही इथे चोख: दोन्हीकडे ‘प्रारंभी’.

योहान 1:14 (‘शब्द देही झाला आणि आमच्यात राहिला’) जास्त अवघड. ‘एस्केनोसेन’ या क्रियापदात ‘स्केने’, म्हणजे तंबू आहे. ‘निर्गम’ या पुस्तकाच्या 40 व्या अध्यायात देवाच्या तेजाने भरलेल्या निवासमंडपालाही सेप्टुअजिंट ‘स्केने’च म्हणतं. जर्मनमध्ये ‘वोन्टे’ (राहिला) लिहिलं की तंबू हरवतो, ‘झेल्टेटे’ लिहिलं की सुट्टीतलं कॅम्पिंग डोळ्यांपुढे येतं. मी ‘वोन्टे’च ठेवीन, पण निर्गमातल्या मिश्कानला (निवासमंडपाचा हिब्रू शब्द) त्याच धातूतलं ‘वोनुंग’ (निवास) म्हणेन. बुबर आणि रोझेनत्स्वाइग या ज्यू विचारवंतांनी 1920 च्या दशकात हिब्रू बायबल जर्मनमध्ये आणताना हाच नेम धरला होता: एका हिब्रू धातूला शक्यतो एकच जर्मन धातू.

मात्र धागा नसेल तिथे तो ओवू नये. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात, 40:3 मध्ये, हिब्रूची मांडणी अशी: वाणी हाक देते, ‘अरण्यात मार्ग तयार करा’. पुढच्याच ओळीत ‘वाळवंटात राजमार्ग’ येतो, म्हणून ‘अरण्यात’ हा शब्द मार्गाकडे जातो. हीच ओळ सेप्टुअजिंटमागून जाऊन उद्धृत करणाऱ्या मार्कच्या शुभवर्तमानात मात्र हाक देणाराच अरण्यात आहे. ल्यूथरने यशयातही मार्कचीच मांडणी घेतली. आजच्या ल्यूथर बायबलात यशयाचा अपूर्णविराम ‘अरण्यात’च्या आधी आला आहे. हा बदल मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे मार्कने काय केलं ते वाचकाला दिसतं.

म्हणून काम तीन रकान्यांत करावं: हिब्रू, सेप्टुअजिंट, शुभवर्तमान. जर्मन शब्द आधी पहिल्या रकान्यासाठी ठरवावा. तिसऱ्यात तो बदलायचा तर दुसऱ्यात कारण सापडलं पाहिजे.