‘जिना नोकरीत शिकता येतो’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

‘पोर्टफोलिओत आधी सेक्शन, मग रेंडर’ या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. (सेक्शन म्हणजे इमारत उभी कापल्यासारखं दाखवणारं ड्रॉइंग, रेंडर म्हणजे संगणकावर केलेलं हुबेहूब चित्र.) लेखात म्हटलं होतं ते एवढंच : वास्तुकलेच्या विद्यार्थ्याने पहिल्या नोकरीसाठी काम पाठवताना निदान एका प्रकल्पातला जिना, एक बाहेरची भिंत आणि एक स्वच्छतागृह पूर्ण सोडवून दाखवावं. त्यावर तुम्ही लिहिलंत : ‘तुमच्यासारख्यांमुळे हुशार मुलं दुसऱ्या वर्षातच ड्राफ्ट्समन होतात. सिडनी ऑपेरा हाउसचं डिझाइन निवडलं गेलं तेव्हा ते कसं बांधायचं हे खुद्द उत्झॉनलाही ठाऊक नव्हतं. विद्यार्थ्याला आधी स्वप्न बघू द्या, जिना नोकरीत शिकता येतो.’ पुढे सॉफ्टवेअरबद्दल, पदव्युत्तर शिक्षणाबद्दल आणि माझ्या पिढीच्या संकुचितपणाबद्दल आणखी तीन परिच्छेद आहेत.

तुम्ही दाखवलेली एक चूक आधी मान्य करतो. 3600 मिमी मजला-उंचीसाठी 150 मिमीचे 24 रायझर (पायरीच्या उभ्या बाजू) लागतात, म्हणजे दोन फ्लाइटच्या (पायऱ्यांच्या सलग रांगांच्या) जिन्यात प्रत्येकी 12. प्रत्येक फ्लाइटमध्ये मी ट्रेडही (पाऊल ठेवायचे आडवे भाग, 300 मिमीचे) 12 धरले होते. शेवटचा रायझर लँडिंगवरच (रांगेच्या टोकाच्या सपाट जागेवरच) चढतो, म्हणून ट्रेड 11. फ्लाइटची लांबी 3600 नव्हे, 3300 मिमी. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार. मात्र या चुकीने जिन्याला 300 मिमी जास्त जागा मिळत होती, कमी नाही, हेही त्याच वाक्यात लिहिलं असतंत तर बरं झालं असतं. ‘ज्याला जिना मोजता येत नाही त्याने इतरांना शिकवू नये’ हा शेरा गणिताची चूक दाखवायला आवश्यक नव्हता.

‘ड्राफ्ट्समन’, म्हणजे ड्रॉइंग काढून देणारा, हा शब्द तुम्ही शिवीसारखा वापरलात, ते मला सर्वांत जास्त लागलं. ऑफिसातला अनुभवी ड्राफ्ट्समन प्लॅनवर नजर टाकून सांगतो की या दाराचं पान उघडलं की स्विचबोर्ड झाकला जाणार. हे ज्ञान हलकं आहे, असं वाटणाऱ्या माणसाने काढलेलं ड्रॉइंग साइटवर उभं राहत नाही. अठरा वर्षं मी नव्या मुलांचे पोर्टफोलिओ पाहतो आहे आणि त्यांची पहिली ड्रॉइंग तपासतो आहे. त्या बळावर सांगतो, या शब्दाची लाज मुलांना तुमच्यासारखेच लोक शिकवतात.

आता सिडनी. तुमच्या साऱ्या प्रतिक्रियेचा भार या एका वाक्यावर आहे, म्हणून त्याला पूर्ण उत्तर देतो.

1957 मध्ये स्पर्धेचा निकाल लागला तेव्हा त्या छपरांची भूमिती ठरलेली नव्हती, हे खरं. पण ते डिझाइन करणारे डॅनिश वास्तुविशारद यॉर्न उत्झॉन तेव्हा विद्यार्थी नव्हते. जन्म 1918 चा, कोपनहेगनच्या अकादमीतून 1942 मध्ये बाहेर पडलेले, स्वतःचं घर 1952 मध्ये बांधलेले, हेल्सिंगोरच्या अंगणाभोवतीच्या घरांचं काम हाती असलेले. वडील जहाजांचे आराखडे करत, त्यामुळे वक्र पृष्ठभाग प्रत्यक्ष कसा तयार होतो हे त्या घरात नवं नव्हतं. जिना, विटा, लाकडाचे सांधे यांतून गेलेल्या माणसाचं ते रेखाटन होतं. त्याचा दाखला देऊन तिसऱ्या वर्षाच्या मुलाला ‘तू सेक्शन काढू नकोस’ कसं म्हणता येईल?

आणि ते स्वप्न पुढे कशाने उभं राहिलं? परवलय झालं, लंबवर्तुळ झालं, चार वर्षं अभियंत्यांबरोबर आकार बदलत राहिले. छपराच्या प्रत्येक शिंपल्याची वक्रता वेगळी असेल तर त्याला पेलणाऱ्या प्रत्येक बरगडीसाठी वेगळा साचा लागणार, ही खरी अडचण होती. 1961 मध्ये उत्तर सापडलं : सगळे शिंपले सुमारे 75 मीटर त्रिज्येच्या एकाच गोलातून कापायचे. गोलाची वक्रता सगळीकडे सारखी, त्यामुळे मोजक्या साच्यांत बरगड्यांचे तुकडे पुन्हा पुन्हा ओतता आले. टाइल्सही जमिनीवर मोठ्या तक्त्यांत बसवून वर चढवता आल्या. याला तुम्ही कॉन्सेप्ट म्हणाल की डिटेल? आज जगाला ओळखीचा असलेला आकार 1957 च्या रेखाटनातला नाही. ती रेखाटनं जास्त पसरट होती. उभारी त्या आकाराला साच्याचा प्रश्न सोडवताना आली.

तो प्रश्न उशिरा सुटल्याची किंमतही सांगायला हवी, कारण तुमच्या प्रतिक्रियेत ती नाही. चौथऱ्याचं काम 1959 मध्ये सुरू झालं, छप्पर ठरण्याआधी. नंतर ठरलेल्या छपराचं वजन आधी बांधलेल्या कॉलमना पेलणार नव्हतं, ते पुन्हा करावे लागले. 1963 मध्ये व्हायची इमारत 1973 मध्ये खुली झाली. 70 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा अंदाज 10 कोटी 20 लाखांवर गेला. उत्झॉन 1966 मध्येच काम सोडून गेले होते. दिरंगाईला राजकारणही कारणीभूत होतं, ते नाकारत नाही. पण ‘बांधायचं कसं ते नंतर पाहू’ याचं उदाहरण म्हणून हीच इमारत विद्यार्थ्यांपुढे ठेवायची असेल तर ही अर्धी गोष्टही सोबत ठेवा.

उलट बाजूचं उदाहरण अमेरिकी वास्तुविशारद लुई कान यांचं आहे. प्रयोगशाळेत नळ आणि डक्ट (हवा नेणाऱ्या मोठ्या नळ्या) कुठून न्यायचे, हा अगदी रूक्ष प्रश्न. कॅलिफोर्नियातल्या ला होया इथल्या साल्क इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेत त्याचं उत्तर म्हणून प्रयोगशाळेच्या प्रत्येक मजल्याच्या वर नळ-डक्टसाठी एक आख्खा सेवांचा मजला आला. त्यातले व्हिरेंडील ट्रस (तिरप्या दांड्या नसलेल्या, चौकटींच्या तुळया) सुमारे 2.7 मीटर उंच आहेत. त्यामुळे खाली कॉलम नसलेली मोकळी जागा मिळाली, आणि प्रयोग न थांबवता वर जाऊन नळ बदलता येऊ लागले. डक्टचा प्रश्न तिथे कॉन्सेप्टच्या आधी होता.

बरं, साल्क राहू द्या. विद्यार्थ्याच्या प्रकल्पाकडे येऊ.

समजा वाचनालय आहे. मूळ कल्पना : ‘वाचनकक्ष आणि गच्ची यांची जमीन सलग, मधे उंबरठा नाही.’ सुंदर कल्पना आहे, मला मनापासून आवडते. आता तीच 1:20 च्या, म्हणजे प्रत्यक्षाच्या विसाव्या भागाएवढ्या, सेक्शनमध्ये काढा. गच्ची दारापासून कडेपर्यंत 6 मीटर, पाणी दारापासून दूर न्यायचं, उतार 1:100, म्हणजे दाराशी 60 मिमी. उताराच्या काँक्रीटची कमीत कमी जाडी 40, उष्णतारोधक थर 50, लादी आणि तिच्याखालचा माल 50. दाराशी एकूण 200 मिमी. आतल्या फरशीचा थर 50 धरला तर गच्चीचा स्लॅब आतल्या स्लॅबपेक्षा 150 मिमी खाली ओतावा लागतो. नाहीतर गच्ची खोलीच्या वर जाते आणि पहिल्या जोरदार पावसात पाणी पुस्तकांत येतं. शिवाय वॉटरप्रूफिंग भिंतीला लादीच्या वर निदान 150 मिमी चढवायचं असतं, आणि उंबरठा नसलेल्या दाराशी नेमकं तेच करता येत नाही. म्हणून तिथे दाराच्या लांबीभर जाळीची चर लागते आणि वर छज्जा. खाली उतरलेल्या त्या स्लॅबमुळे खालच्या मजल्याचं छतही तिथे 150 ने उतरतं. म्हणजे ‘सलग जमीन’ या तुमच्या लाडक्या स्वप्नाची किंमत खालच्या खोलीने मोजली. ती खोली कोणती असावी हा डिझाइनचा निर्णय आहे, आणि तो प्लॅन गोठायच्या आधीच घ्यावा लागतो. नोकरीत शिकेपर्यंत हा प्रकल्प तसाच थांबणार आहे का?

जिन्याचंही तसंच. 3300 ची फ्लाइट, दोन्ही टोकांना 1500 ची लँडिंग, मिळून 6300 मिमी. मुलं सवयीने जिन्यासाठी 4500 लांबीचीच जागा सोडतात. त्यात लँडिंग 1200 केली तरी 11 ट्रेडना 2100 उरतात, म्हणजे 190 मिमीचा ट्रेड. त्यावर मोठ्या माणसाचं पाऊल मावत नाही, उतरताना टाच घसरते. दोन रायझर अधिक एक ट्रेड साधारण 600 ते 640 यायला हवं, इथे ते 490 येतं. मग जिना 1800 ने वाढवायचा तर शेजारची खोली सरकते, ग्रिड (कॉलमच्या ओळींची आखणी) हलतो, कॉलम दारात येतो. दुसरी नेहमीची चूक : मधल्या लँडिंगखालून प्रवेश. लँडिंग 1800 वर, 150 चा स्लॅब वजा केला की 1650 उरतात, बीम आला तर त्याहून कमी. रेंडरमध्ये हे दिसत नाही, कारण कॅमेरा नेहमी दुसऱ्या बाजूला लावलेला असतो.

उंचीचं गणितही बघा. 8.4 मीटरचा ग्रिड, बीमची खोली ढोबळ अंदाजाने लांबीच्या बाराव्या भागाएवढी, म्हणजे 700. 3600 मधून 700 गेले, डक्टचे 350, वर फटीचे 50, दिवे आणि फॉल्स सीलिंगचे 150. उरले 2350. शंभर माणसं बसणाऱ्या वाचनकक्षात हे छत डोक्यावर येतं. डक्ट बाजूच्या कॉरिडॉरमधून नेला, तिथलं छत 2350 ठेवलं आणि कक्षात बीम उघडे सोडले, तर त्याच इमारतीत आधी दबलेली वाट आणि मग मोकळा कक्ष असा अनुभव मिळतो. ज्युरीसमोर सांगायला यापेक्षा चांगला कॉन्सेप्ट कुठला?

‘पोर्टफोलिओ उघडल्यावर आधी चित्रच दिसतं, सेक्शन कोण वाचतो?’ असंही तुम्ही विचारलंत. चित्र आधी दिसतं, मान्य. नोकरी देणारा दुसऱ्यांदा कशाकडे पाहतो ते सांगतो. नव्या माणसाच्या हाती पहिली दोन वर्षं दार-खिडक्यांचं शेड्यूल (मापांची यादी), स्वच्छतागृहांचे मोठे प्लॅन आणि ड्रॉइंगच्या सुधारित आवृत्त्या असतात. त्यामुळे 1:20 च्या भिंतीत खिडकीच्या सिलला (खालच्या आडव्या कडेला) बाहेर उतार आणि खाली ठिबकखाच आहे का, हे तो शोधतो. खाच नसेल तर पाणी सिलच्या पोटाखालून परत भिंतीवर येतं आणि डाग पडतो. ती रेषा काढणाऱ्याला काम देताना हात कचरत नाही.

आणि ते सेक्शन वाचलं जात नसेल तर बहुतेक वेळा मांडणीचा दोष असतो. ए-1 ची शीट तशीच ए-3 वर छोटी केली की लांबी बरोबर निम्मी होते. 1:100 चा प्लॅन 1:200 होतो, खाली मात्र ‘1:100’ तसंच राहतं. 2.5 मिमीची अक्षरं 1.25 होतात, 0.13 ची रेषा छपाईत नाहीशी होते. पोर्टफोलिओसाठी ड्रॉइंग ए-3 वर नव्याने लावावं, कापलेल्या भिंतीला 0.5 मिमीची रेषा, पलीकडे दिसणाऱ्या कडांना 0.25, फरशीच्या रेषांना 0.13, आणि आकड्याऐवजी रेषेची मोजपट्टी, म्हणजे कितीही छोटं-मोठं केलं तरी ती खोटी ठरत नाही. एका प्रकल्पाला चार ते सहा पानं, सगळी मिळून चोवीसच्या आत. गटात केलेल्या कामात स्वतःचा वाटा नेमका लिहावा : ‘जिना व पश्चिमेची भिंत माझी’ असा. मुलाखतीत पहिला प्रश्न त्याच पानावर येतो.

सॉफ्टवेअर, पदव्युत्तर शिक्षण आणि माझी पिढी यांवरचे परिच्छेद मी सोडून देतो. रेंडर करू नका असं लेखात कुठेच लिहिलेलं नाही, पुन्हा वाचलंत तर दिसेल. स्वतःची प्रॅक्टिस किंवा स्पर्धा हे ध्येय ठेवू नका, असंही नाही.

गच्चीचा तो सेक्शन मी लेखात जोडतो आहे, आकड्यांसकट. त्यात चूक सापडली तर जरूर दाखवा, त्याच दिवशी दुरुस्त करीन. फक्त या वेळी मिलिमीटरवर बोला, माझ्यावर नको.