शंभर टक्के निकाल कसा लावावा

मुख्याध्यापक झालात, अभिनंदन. खुर्चीवर बसण्याआधी शिकवण्याबिकवण्याचा विचार डोक्यातून काढून टाका. शाळा यशस्वी होते ती दहावीच्या निकालानं, आणि निकाल म्हणजे साधा व्यवहारी अपूर्णांक आहे. वर पास झालेली पोरं, खाली परीक्षेला बसलेली. अंश वाढवायचा तर गणिताच्या सरांना जूनपासून फेब्रुवारीपर्यंत घसा कोरडा करावा लागतो. छेद कमी करायला एक सही पुरते.

ती सही नववीत घ्यायची. दुसरं सत्र सुरू झालं की वर्गशिक्षकांकडून 'काठावरच्यां'ची यादी मागवा आणि पालकांना एकेकटं बोलवा. सगळ्यांना एकदम बोलावू नका, घोळक्यात माणसं प्रश्न विचारतात. एकटा बाप रोज बुडवून आलेला असतो, लवकर ऐकतो. त्याला खुर्ची द्या, चहा सांगा आणि म्हणा, "पोरगा गुणी आहे हो, पण बोर्ड झेपायचं नाही त्याला. उगाच नापासाचा शिक्का कशाला? सतरा नंबरचा फॉर्म भरून टाका."

हा फॉर्म खरं तर शाळा मध्येच सुटलेल्यांसाठी आहे. गॅरेजात काम करणारा पोरगा किंवा लग्न होऊन गेलेली मुलगी, यांना दहावीची दुसरी संधी मिळावी म्हणून. सोय चांगली आहे, तेव्हा आधी शाळा सोडायला लावून मग ती देऊ करा. बोर्ड अशांचा निकाल 'खाजगी विद्यार्थी' म्हणून वेगळा मोजतं. तुमच्या छेदाला धक्का लागत नाही.

अर्ज मात्र बापाच्याच अक्षरात हवा. मजकूर क्लार्क सांगतील, त्यांना पाठ असतो. मग दाखला. अभ्यासातील प्रगती: समाधानकारक. वर्तणूक: चांगली. शाळा सोडण्याचे कारण: पालकांच्या विनंतीवरून. इतका समाधानकारक आणि चांगला मुलगा शाळेला का नको झाला, हे लिहायला दाखल्यात रकानाच नाही. छापणाऱ्यानं पुढचा विचार केलेला दिसतो.

एवढं करूनही काही चिवट पोरं दहावीत पोचतातच. त्यांच्यासाठी शाळेच्या हातातले २० गुण आहेत. त्यांना कमी लेखू नका. २०१८ साली राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता. पुढच्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढले, त्यात अभ्यासक्रमही नवा, आणि निकाल थेट ७७.१० वर आला. ओरड झाली, गुण परत आले, आणि २०२० मध्ये ९५.३०! २०२१ ला तर करोनामुळे परीक्षाच झाली नाही. मूल्यमापन शाळांनीच केलं आणि निकाल लागला ९९.९५. उरलेले ०.०५ टक्के कुठं कमी पडले असतील, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. तात्पर्य काय, तर हात आखडता घेऊ नका. तोंडी परीक्षेत जिनं तोंडच उघडलं नाही, तिलाही अठरा द्या. शांतपणे ऐकणं हेसुद्धा भाषिक कौशल्यच आहे.

वेळापत्रकात खेळाचे तास असू द्या, फक्त ते गणिताच्या सरांना द्या. चित्रकलेच्या सरांना मात्र दुखवू नका. इंटरमिजिएटच्या श्रेणीचे वाढीव गुण मिळतात, तेव्हा ती परीक्षा होईपर्यंत ते कलावंत, नंतर मतदार याद्यांच्या कामाला मोकळे. प्रयोगशाळा कुलपातच बरी. काचेची भांडी फुटली की लेखापरीक्षणात उत्तरं देत बसावी लागतात. प्रयोगवह्या मात्र पूर्ण हव्यात. 'लाल लिटमस निळा झाला' हे वाक्य सत्तर वह्यांत सत्तर अक्षरांत सापडलं पाहिजे. लिटमसची डबी उघडलीच पाहिजे असं नाही.

जादा तास संध्याकाळी सहापर्यंत ठेवा. वाड्यावस्त्यांवरच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास फुकट आहे, पण शेवटची गाडी पाचला सुटते. एसटीला पत्र लिहून गाडी तासभर पुढे ढकलता येईल, असं एखाद्या बाई सुचवतील. त्यांना सांस्कृतिक विभाग द्या. तिन्हीसांजेला पोरगी चालत घरी आली, असं दोनचारदा झालं की पुढचा निर्णय घरची वडीलधारी मंडळीच घेतात. इथं तर तुमची सहीसुद्धा लागत नाही.

निकालाच्या दिवशी फ्लेक्स. २०२५ ला राज्यात २११ जणांना शंभर टक्के गुण मिळाले, त्यातले ११३ एकट्या लातूर विभागातले. तेव्हा स्पर्धा मोठी आहे. पहिल्या आलेल्या मुलीचा फोटो ठसठशीत असावा, संस्थाचालकांचा त्याहून मोठा. तीच मुलगी चौकातल्या तीन क्लासच्या फ्लेक्सवरही दिसेल. मनाला लावून घेऊ नका.

सत्काराच्या भाषणात कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव घ्यायचंच असतं, घ्या. पण तपशिलात शिरू नका. १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढणारा हा माणूस गावोगावची गरीब पोरं गोळा करून वसतिगृहात ठेवत सुटला होता. म्हणजे आयुष्यभर नुसता छेद वाढवत बसला. असं गणित आपल्याला परवडत नाही.

भाषणानंतर एखादा आगाऊ पत्रकार विचारेल, "सर, आठवीच्या पटावर ९२ मुलं होती, परीक्षेला ६१ कशी?" गडबडू नका. काही इंग्लिश मीडियमला गेली, काही आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली म्हणा, आणि पेढ्यांचा बॉक्स पुढं करा.