फॉरेनला चाललात? सिमकार्ड नानांकडे देऊन जा

तर मंडळी, चोपड्याहून मुंबई आणि तिथून न्यू जर्सी असं तिकीट हातात पडलं की लोक कळण्याचं पीठ, पापड, भरताची वांगी कस्टमवाला सोडेल का असल्या चौकशा सुरू करतात. ते राहू द्या, आधी दहा आकडी नंबराचं बघा. तिकडे तुम्ही कितीही मोठे इंजिनिअर व्हा, इकडे बँकेला, आधारला, इन्कम टॅक्सला तुम्ही म्हणजे तो नंबर, बाकी देह नुसता सोबतीला.

रोमिंग निघायच्या आधीच चालू करून घ्यावं असं शहाणे लोक सांगतात. तुम्ही करू नका. तिकडे पोचल्यावर करा, मग कंपनीच्या अ‍ॅपमध्ये शिरायला ओटीपी लागतो आणि ओटीपी यायला रोमिंग लागतं. दोन रात्री मजेत जातात, तसंही झोप कुठे येते.

त्यापेक्षा सिम गावाकडे नानांच्या, म्हणजे आपल्या वडिलांच्या, बटणवाल्या फोनात टाकून द्या. रिचार्जचं तेवढं बघा, कारण प्रीपेड नंबर 90 दिवस वापरलाच नाही तर कंपनी तो बंद करू शकते, बॅलन्समध्ये 20 रुपये असले तर तेवढे कापून अजून 30 दिवस ढकलतात, मग पुढे कधीतरी तोच नंबर नंदुरबारकडच्या कुणा भल्या माणसाला मिळतो आणि तुमच्या मावशीचे गुड मॉर्निंगही त्यालाच.

आता खरी गंमत. एनआरओ (परदेशी राहणाऱ्याचं इथल्या कमाईचं खातं) एफडीच्या व्याजावर 30 टक्के आणि वर सेस असा टीडीएस कापलेला असतो, तो परत पाहिजे म्हणून तुम्ही रिटर्न भरायला बसता, अर्थात शेवटच्या दिवशी, 31 जुलैला. चोपडं तुमच्यापेक्षा साडेनऊ तास पुढे, त्यामुळे तुम्ही आदल्या रात्री नऊला बसलात की तिथे सकाळचे साडेसहा. नानांना त्या आठवड्यात रात्रीची लाईट, केळीला पाणी देऊन आत्ता कुठे आडवे झालेत, फोन खुंटीवरच्या पिशवीत. आधारचा ओटीपी टिकतो 10 मिनिटं, त्यातली सात आईला पिशवी सापडेपर्यंत जातात. मग नाना उठतात, चष्मा शोधतात, आणि म्हणतात, "भाऊ, फोनवर ती बाई सांगस ओटीपी कोनलेच सांगू नका, मंग मी तुले कसा सांगू?" मी तुमचा मुलगा आहे म्हटलं तर म्हणतात, "कोनलेच म्हनजे कोनलेच!" अख्ख्या देशात ती सूचना मनापासून ऐकणारा एकच माणूस, तो नेमका आपल्या घरात. (बरोबरच आहे त्यांचं, पण माझा रिफंड?)

यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने 2023 मध्ये अमेरिकेसकट 10 देशांच्या नंबरवर एनआरई (तिकडच्या कमाईचं खातं) आणि एनआरओ खात्यांना यूपीआयची परवानगी दिली, बऱ्याच बँकांत परदेशी नंबरही नोंदवता येतो. पण त्यासाठी फॉर्म भरावा लागतो, आणि खात्री करायला ओटीपी जुन्याच नंबरवर, म्हणजे परत पिशवी, परत चष्मा.

दोन वर्षं असं काढा. तोवर नानांनी तो नंबर केळीच्या व्यापाऱ्यांना, मजूर आणणाऱ्या मुकादमाला, ठिबकवाल्याला देऊन टाकलेला असतो. मग सुट्टीत येऊन तुम्ही सिम आपल्या फोनात टाकता, केवायसीसाठी बँकेत फोन लावता, तर पलीकडचा साहेब स्क्रीनवर 'नाना केळीवाले' वाचतो आणि आपुलकीने विचारतो, "बोला नाना, आज काय भाव निघाला?"